पोरींनी कप आणला, आता ग्राउंडचं बोला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आज शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५. घरातलं आवरून मोबाइलवरच हे टाइप करतेय, त्यामुळे शुद्धलेखन जरा सांभाळून घ्या. पत्र लांबणार हे मला माहितीय, तुम्ही जागेप्रमाणे कापालच, फक्त ग्राउंडबद्दल जे लिहिलंय तेवढं कापू नका ही विनंती, बाकी माझी मतं गेली तरी चालतील.

गेले नऊ-दहा दिवस आमच्या घरात क्रिकेट आणि राजकारण यांची नुसती सरमिसळ झालीय. एक तर टीव्ही एकच आणि त्यात मॅच, मोर्चा, शेतकऱ्यांचं आंदोलन, निवडणुकीची घोषणा, बिहारचं मतदान सगळं एकाच वेळी. सुरुवात झाली ३० ऑक्टोबरच्या गुरुवारी. महिला क्रिकेट वर्ल्डकपच्या सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाने आपल्याविरुद्ध ३३८ केले तेव्हा हे म्हणाले, बायकांच्या वनडेत एवढा मोठा स्कोअर आजपर्यंत कुणी चेस केलेला नाही, उगाच जागू नका. आणि ते खरंच होतं, कुणी केलेला नव्हता. मग ओव्हर संपली की हे बातम्या लावायचे, कारण त्याच संध्याकाळी नागपूरचं कर्जमाफीचं आंदोलन करून बच्चू कडू आणि बाकीचे शेतकरी नेते मुंबईत सह्याद्री अतिथीगृहावर मुख्यमंत्र्यांसोबत बसले होते. आमचीही थोडी शेती आहे, ऑक्टोबरच्या पावसाने काढून ठेवलेलं सोयाबीन काळं पडलंय, त्यामुळे तिकडेही जीव लागलेला. शेवटी बातमी आली की कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ च्या आत घेऊ. तारीख मिळाली हे चांगलंच झालं, आंदोलन केल्याशिवाय तीही मिळाली नसती, पण रब्बीची पेरणी काही जूनपर्यंत थांबत नाही आणि नवीन पीककर्ज मागायला गेलं की जुनं आधी भरा असं ऐकावं लागतं, तर मधल्या आठ महिन्यांचं काय करायचं हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं. त्यावर एवढंच.

तर बातम्या संपवून परत मॅच लावली तेव्हा जेमिमा आणि हरमनप्रीत खेळत होत्या आणि मग कुणी रिमोटला हात लावला नाही. हरमन ८९ वर गेली तरी जेमिमा उभीच. नाबाद १२७, १३४ बॉलमध्ये, आणि तिला तीन नंबरला जायचंय हे आत जायच्या पाचच मिनिटं आधी कळलेलं! मधे इंग्लंडच्या मॅचला तर तिला टीममधूनच बाहेर बसवलं होतं. जिंकल्यावर ती माइकसमोर रडायला लागली, म्हणाली या टूरमध्ये जवळजवळ रोज रडलेय. आमच्या सासूबाई ७८ वर्षांच्या, त्यांनी विचारलं, "जिंकली ना ही, मग आता रडते कशाला?" माझी लेक म्हणाली, "आजी, तिला मधे टीममधून काढलं होतं." सासूबाई थोडं थांबून म्हणाल्या, "मग रडू दे तिला."

मला हे फार आवडलं की ती मोकळेपणाने बोलली. आपल्याकडे खेळाडू म्हणजे दगडाचा हवा असं समजतात, आणि मुलींना तर घरात, शाळेत, सगळीकडे रडू नको म्हणूनच शिकवतात, आणि ही पोरगी सगळ्या देशासमोर सांगते की मला एन्झायटीचा त्रास होत होता आणि तरीही मी शेवटपर्यंत उभी राहिले. माझी लेक तेरा वर्षांची आहे, ती ऐकत होती, आणि मला वाटतं त्या दोन मिनिटांत ती जे शिकली ते मी तिला दोन वर्षांत शिकवू शकले नसते.

मधे शनिवारी मुंबईत मतदार याद्यांवरून 'सत्याचा मोर्चा' झाला, शरद पवार, उद्धव ठाकरे, राज ठाकरे, काँग्रेसवाले सगळे एका ट्रकवर, आणि त्याच दिवशी गिरगावला भाजपने मूक आंदोलन केलं. आमच्या घरात यावरून वाद झाला कारण हे एका बाजूचे आणि माझा भाऊ दुसऱ्या बाजूचा आणि तो नेमका त्या दिवशी आमच्याकडे आलेला. माझं मत मी दोघांनाही सांगितलं. माझे सासरे जाऊन सहा वर्षं झाली, त्यांचं नाव अजून यादीत आहे, दोनदा फॉर्म भरून दिलाय. आणि शेजारची मुलगी लग्न होऊन गेली तिचं नाव इथेही आहे आणि सासरीही आहे, यात तिची काही चूक नाही. मग हा प्रश्न कुठल्या पक्षाने उचलला याने मला फरक पडत नाही, यादी साफ करा एवढंच म्हणणं आहे. आता राज्य निवडणूक आयोग म्हणतो यादी केंद्राच्या आयोगाची, आम्ही ती फक्त प्रभागाप्रमाणे फोडतो. सामान्य माणसाला हे दोन आयोग वेगळे आहेत हेच माहिती नसतं, तो जातो तहसील कचेरीत, तिथून नगरपरिषदेत आणि तिथून परत. यावेळी जिथे शंका आहे त्या नावापुढे दोन स्टार देणार आणि मतदानाला आल्यावर दुसरीकडे मत दिलं नाही असं लिहून घेणार म्हणे. नसण्यापेक्षा बरं, मी म्हणेन चांगली सुरुवात आहे, पण बूथवरच्या शिक्षकाने रांग सांभाळायची की हे लिहून घ्यायचं? माणसं जास्त द्या मग.

आता फायनल, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. रविवार, २ नोव्हेंबर, डी. वाय. पाटील स्टेडियम. दुपारपासून पाऊस, तीनची मॅच पाचला सुरू झाली, आमची दुपारची झोप गेली ती गेलीच. शेफालीचं काय सांगू! ती मूळ टीममध्ये नव्हतीच. प्रतीका रावलचा पाय बांगलादेशच्या मॅचला दुखावला म्हणून सेमीफायनलच्या आधी हिला बोलावलं, सेमीत दहाच रन केले, आणि फायनलला ८७. वर बॉलिंगला आली आणि दोन विकेट काढल्या, त्यात मारिझान काप पण. ही तीच मुलगी जिला रोहतकमध्ये मुलगी म्हणून अकॅडमीत घेत नव्हते तेव्हा वडिलांनी केस बारीक कापून मुलगा म्हणून खेळायला पाठवलं होतं. आणि प्रतीका व्हीलचेअरवर बसून ग्राउंडवर आली होती सेलिब्रेशनला, ते बघून मला भरून आलं, कारण तिने सुद्धा न्यूझीलंडच्या मॅचला १२२ केले होते आणि त्या विजयाशिवाय सेमीफायनलच नव्हती.

२९८ झाले होते आपले, पण त्यांची कॅप्टन वोल्वार्ट उभी होती तोपर्यंत माझा विश्वास नव्हता. तिचं शतक झालं. मग दीप्तीच्या बॉलवर तिने वर मारला आणि अमनजोतच्या हातातून तो कॅच उडाला, परत उडाला, आमच्या घरात सगळे उभे, आणि तिसऱ्या वेळेला तिने तो एका हातात धरला. इतकी ओरडाआरड झाली की वरच्या मजल्यावरचे काका काय झालं म्हणून विचारायला आले, मग तेही तिथेच बसले शेवटपर्यंत. दीप्तीने पाच विकेट आणि ५८ रन, एकाच फायनलमध्ये. ५२ रननी जिंकलो. शेवटचा कॅच हरमनने मागे पळत जाऊन घेतला तेव्हा बारा वाजत आले होते, आणि आमच्या गल्लीत फटाके वाजले, मुलींच्या मॅचसाठी फटाके मी पहिल्यांदा ऐकले.

कारण २०१७ मला अजून आठवते. लॉर्ड्सवर पूनम राऊतने ८६ केले होते, आपल्या मुंबईची पूनम, आणि १९१ ला तीन असताना सगळं घसरलं आणि नऊ रननी हरलो. तेव्हा लेक पाच वर्षांची होती आणि माझ्या मांडीवर झोपली होती. त्याआधी २००५ ला ऑस्ट्रेलियाकडून हरलो ती फायनल तर मी पाहिलीच नाही, आमच्याकडे कुणाला मॅच आहे हेही माहिती नव्हतं. मिताली राजने नंतर एकदा सांगितलं होतं की त्या वर्ल्डकपला मॅचमागे हजार रुपये मिळाले होते. हजार! आणि बायकांचा पहिला वर्ल्डकप १९७३ चा आहे, पुरुषांच्या दोन वर्षं आधीचा, हे किती जणांना माहिती आहे? आपल्या पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी, मुंबईच्या डायना एडलजी या बायका त्या काळात खेळल्या, ट्रेनमध्ये रिझर्व्हेशन नसलेल्या डब्यातून प्रवास करून. म्हणून हरमनने कप मिताली, झुलन आणि अंजुम या जुन्या खेळाडूंच्या हातात दिला तेव्हा मला सगळ्यात जास्त बरं वाटलं. झुलन लहान मुलीसारखी रडत होती. माझ्या मते अख्ख्या वर्ल्डकपमधला सगळ्यात मोठा क्षण तोच.

आणि आपल्या या टीमचा कोच अमोल मुझुमदार. आमच्या पिढीतल्या क्रिकेट बघणाऱ्या मराठी माणसाला या माणसाबद्दल वेगळं काहीतरी वाटतं. १९८८ ला सचिन आणि कांबळीने शाळेच्या मॅचमध्ये ६६४ ची पार्टनरशिप केली तेव्हा पुढच्या नंबरला पॅड बांधून बसलेला तो, आणि त्याची बॅटिंग आलीच नाही. मग रणजीच्या पहिल्याच मॅचला २६०, नंतर फर्स्टक्लासमध्ये अकरा हजारांवर रन, मुंबईला कॅप्टन म्हणून रणजी जिंकून दिली, पण इंडियाची कॅप कधीच मिळाली नाही कारण त्याच वेळी द्रविड, गांगुली, लक्ष्मण होते. माझे वडील म्हणायचे, हा दुसऱ्या कुठल्याही देशात जन्मला असता तर शंभर टेस्ट खेळला असता. या वर्ल्डकपला आपण लागोपाठ तीन मॅच हरलो तेव्हा त्याच्यावर किती टीका झाली, स्वतः वर्ल्डकप न खेळलेला माणूस काय शिकवणार असं लोकांनी लिहिलं, माझ्या भावानेही म्हटलं होतं, त्याला मी आता आठवण करून दिली. सेमीफायनलला म्हणे त्याने बोर्डावर एकच ओळ लिहिली होती की आपल्याला त्यांच्यापेक्षा फक्त एक रन जास्त करायचाय. आयुष्यभर पॅड बांधून थांबलेल्या माणसालाच असलं सुचू शकतं. वडील असते तर त्या रात्री मी त्यांनाच पहिला फोन केला असता.

पुरुषांची टीम त्याच दिवशी होबार्टला जिंकली, वॉशिंग्टन सुंदर चांगला खेळला, गुरुवारी परत ४८ रननी जिंकले आणि सिरीजमध्ये पुढे आहेत, पण खरं सांगते आमच्याकडे कुणी नीट पाहिलंच नाही. असं पहिल्यांदाच झालं असेल. टेनिसमधला रोहन बोपण्णा पंचेचाळिसाव्या वर्षी रिटायर झाला, त्याच्याबद्दल पेपरमध्ये जरा जास्त जागा द्यायला हवी होती असं वाटलं. आणि आपली नागपूरची दिव्या देशमुख गोव्यात बुद्धिबळाच्या वर्ल्डकपमध्ये पुरुषांबरोबर खेळली, पहिल्याच राउंडला हरली तर लगेच लोकांनी नावं ठेवायला सुरुवात केली. जुलैमध्ये हीच पोरगी हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला वर्ल्डकप जिंकून आली होती तेव्हा स्टेटस ठेवणारे हेच लोक. एकोणीस वर्षांची आहे ती. जरा दम धरा.

काल, म्हणजे शुक्रवारी, मुख्यमंत्र्यांनी टीममधल्या आपल्या महाराष्ट्राच्या स्मृती मानधना, जेमिमा आणि राधा यादवचा सत्कार केला, प्रत्येकीला सव्वादोन कोटी आणि अमोल मुझुमदारला साडेबावीस लाख. खूप छान. त्यांना मिळालेच पाहिजेत, कुणी यावर नाक मुरडत असेल तर मला ते पटत नाही, राधाचे वडील कांदिवलीत दूध-भाजीची टपरी चालवून पोरांना वाढवणारे, त्यांच्या घरी हे पैसे गेले याचा आनंदच आहे. पण माझा प्रश्न असा आहे की आपल्याकडे पैसा येतो तो जिंकून आल्यावर. खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला गेले ते लोकांनी वर्गणी काढून दिली म्हणून, आणि आजही जिल्ह्याच्या टीममध्ये निवड झाली की पोरांचे आईबाप प्रवासखर्चासाठी पैसे गोळा करत फिरतात, आम्ही स्वतः मागच्या वर्षी फिरलोय. स्मृती सांगलीची आहे. सांगलीत तिला खेळायला मिळालं, सराव मिळाला म्हणून आज स्मृती आहे. प्रत्येक गावातल्या पोरीला तेवढं तरी मिळतं का?

इथून पुढे ग्राउंडचं. हे कापू नका.

आमच्या गावाचं नाव लिहीत नाही कारण मला कुणा एकावर चिखल उडवायचा नाही आणि मला खात्री आहे की हे वाचून पन्नास गावांतले लोक म्हणतील की हे आमच्याबद्दलच आहे. मध्यम आकाराची नगरपरिषद आहे. गावात एकच मोठं ग्राउंड. माझी लेक तिथे रोज सकाळी साडेसहाला जाते, एका शाळेचे सर आहेत ते शाळेच्या वेळेआधी फुकट शिकवतात. मुलींसाठी वेगळी जागा नाही, मधली पिच मुलांची, पोरी कडेला गटाराच्या बाजूला मॅट टाकतात. त्या ग्राउंडवर सभा होतात, सगळ्यांच्या, एकाच पक्षाच्या असं नाही. गेल्या वर्षी लोकसभा, विधानसभा दोन्ही झाल्या, नंतर वाढदिवस, महोत्सव, मग प्रदर्शन. मंडपवाले खांब रोवायला दीड-दोन फुटांचे खड्डे करतात आणि मंडप काढला की खड्डे तसेच, वर वाळलेलं गवत येतं आणि दिसतही नाहीत. लोखंडी खुंट्या जमिनीत अर्ध्या तुटून राहतात, वर बोटभर टोक. मार्चमध्ये लेकीने बॉल अडवायला डाइव्ह मारली आणि असलीच एक खुंटी गुडघ्याखाली घुसली, सात टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन, सहा आठवडे घरी. ज्या दिवशी टाके काढले त्या दिवशी तिने डॉक्टरांना विचारलं की डाइव्ह कधीपासून मारू शकते. आणि बाथरूमचं विचारूच नका. मोठ्या मुली तहान लागली तरी पाणी पीत नाहीत तिथे, कारण प्यायलं तर जायचं कुठे. एका मुलीला यामुळेच लघवीचं इन्फेक्शन झालं आणि तिच्या आईने खेळणं बंद केलं. ती मुलगी डावखुरी स्पिनर होती, सर अजून तिचं नाव काढतात.

मी अर्ज दिला होता. एक खुंट्या काढण्याचा, एक बाथरूमचा. पोच आहे माझ्याकडे दोन्हींची. पहिल्या वेळेला सांगितलं ठेकेदाराला कळवतो, दुसऱ्या वेळेला साहेबांची बदली झालेली. नगरसेवकाला भेटायचं म्हटलं तर नगरसेवकच नाही! आमच्याकडे शेवटची निवडणूक २०१६ च्या शेवटी झाली, मुदत संपून चार वर्षं होत आली, तेव्हापासून प्रशासक. प्रशासक वाईट असतात असं माझं म्हणणं नाही, पण त्यांना माझं मत नकोय, त्यामुळे माझं ऐकायची गरजही नाही. पूर्वीचा नगरसेवक कसा का असेना, घरासमोरून जाताना त्याला हाक मारता यायची, पाणी आलं नाही तर त्याच्या दारात जाऊन भांडता यायचं. ही गोष्ट गेली आणि ती गेल्याचं कुणाला फार वाईटही वाटलं नाही, कोर्टात तारीख पडत राहिली, शेवटी सुप्रीम कोर्टानेच ३१ जानेवारी २०२६ च्या आत घ्या म्हणून सांगितलं तेव्हा हललं.

तर मंगळवारी घोषणा झाली. २४६ नगरपरिषदा, ४२ नगरपंचायती, २ डिसेंबरला मतदान, ३ ला निकाल. परवा सोमवारपासून अर्ज भरायला सुरुवात. हे बिहारचं पहिल्या टप्प्याचं मतदान बघत होते गुरुवारी आणि कोण येणार कोण येणार करत होते, मी म्हटलं तिकडचं तिकडचे लोक बघतील, आपल्या प्रभागात कोण उभं राहणार ते आधी बघा. टीव्हीवर सुद्धा महायुती एकत्र लढणार का, दोन ठाकरे एकत्र येणार का, मुंबईत काय होणार यावरच सगळी चर्चा. नगरपरिषदेचा सदस्य करतो काय हे एकही चॅनल सांगत नाही.

माझा भाचा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, त्याने मला पुस्तकात दाखवलं. ७४ वी घटनादुरुस्ती, बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांची अठरा कामं दिलीत, पाणी, रस्ते, कचरा, अग्निशमन असं करत त्यात बाग आणि खेळाचं मैदान हे सुद्धा लिहिलेलं आहे. मी दोनदा वाचलं. मी इतके दिवस समजत होते की ग्राउंड म्हणजे आपण हात जोडून मागायची गोष्ट आहे. ते तर त्यांचं कामच आहे, गटार साफ करण्याइतकंच!

म्हणून यावेळी दारात जो येईल त्याला मी पाणी देईन, बसा म्हणेन आणि चार गोष्टी विचारणार आहे. सभा झाल्यावर खड्डे आणि खुंट्या कोण काढणार आणि किती दिवसांत, आणि नाही काढल्या तर मंडपवाल्याचं डिपॉझिट जप्त होणार का. मुलींसाठी कडी लागणारं, पाणी असलेलं बाथरूम कधी. मधली पिच आठवड्यातून तीन दिवस मुलींना देणार का. आणि ग्राउंडच्या पूर्वेला ज्या घंटागाड्या उभ्या करतात त्या कुठे हलवणार. यातल्या कशालाही सव्वादोन कोटी लागत नाहीत. आपल्याकडे अर्ध्या जागा बायकांच्या आहेत, आमच्या प्रभागातली एक जागा पण महिला राखीव आहे, आणि मला माहितीय की बऱ्याच ठिकाणी नाव बाईचं आणि कारभार नवऱ्याचा असतो. तरी मी यावेळी त्या बाईलाच भेटणार, तिच्या नवऱ्याला नाही. तीही मुलगी असताना कुठेतरी खेळली असेल किंवा तिला खेळू दिलं नसेल, दोन्ही बाबतीत तिला माझं म्हणणं कळेल.

तुमच्या पेपरला एक विनंती. निवडणुकीपर्यंत रोज तुम्ही कोण कुणाबरोबर गेलं ते छापणार आहात, छापा, आम्ही पण वाचतो. पण आठवड्यातून एकदा तरी एकेका गावाच्या ग्राउंडचा फोटो आणि तिथल्या नगराध्यक्षपदाच्या सगळ्या उमेदवारांचं त्यावरचं उत्तर छापा ना. नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडायचाय, तर त्याला थेट विचारलेलं बरं. नाव आणि उत्तर समोरासमोर. म्हणजे वर्षभराने ते कात्रण घेऊन जाता येईल. माझ्या दोन अर्जांच्या पोचपावत्यांसोबत मी ते जपून ठेवीन.

हे सगळं आत्ताच का, तर सोमवारी सकाळी काय झालं ते सांगते. रोज आमच्याकडे आठ-नऊ मुली असतात. फायनलच्या दुसऱ्या दिवशी, रात्री एवढं जागून सुद्धा, सकाळी साडेसहाला एकवीस मुली आल्या. मी मोजल्या. काहींच्या पायात स्लीपर, एक शाळेच्या युनिफॉर्मवर, दोघी बहिणी तर धुणं बडवायचं धोपाटणं घेऊन आलेल्या बॅट म्हणून. सरांकडे बॅट तीन. सरांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं, नावं लिहून घेतली, आणि पहिलं काय शिकवलं असेल तर चालत चालत जमीन बघायला, खुंटी दिसली की हात वर करायचा. एकवीस पोरी पहिल्या दिवशी क्रिकेट शिकायला आल्या आणि अर्धा तास खुंट्या शोधत होत्या. अकरा सापडल्या. आज सकाळी मुलींचा आकडा अठ्ठावीस झाला.

उद्या रविवारी आम्ही सात-आठ आया आणि दोन बाबा खड्डे बुजवायला जाणार आहोत. एका पालकांचा ट्रॅक्टर आहे, ते अर्धी ट्रॉली मुरूम देतायत, घमेली-फावडी ज्याची त्याने आणायची. सासूबाई म्हणाल्या मला पण घेऊन चला, मी खुर्चीवर बसून पोरींची मॅच बघीन. दुसऱ्या कुणाला आपापल्या गावात असं काही करायचं असेल तर खुंट्या काढायला पक्कड चालत नाही, पहार लागते, आणि आदल्या संध्याकाळी तिथे पाणी मारून ठेवा म्हणजे जमीन सैल होते.

आपली,
एक नियमित वाचक आणि एका लेगस्पिनर मुलीची आई